काचेपलीकडचा वर्ग

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा विद्यालयाच्या यशाविषयी लिहिणे सोपे होते. येथून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक आणि अधिकारी यांची यादी मोठी आहे आणि ती या अंकात इतरत्र येईलच. मी मात्र एका माजी विद्यार्थिनीविषयी लिहिणार आहे. तिला शिकविताना मी चुकलो. ती चूक कळायला मला पाच वर्षे लागली. लेख छापण्यापूर्वी तिला वाचावयास पाठविला होता. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि लिहिले, "नाव नको. बाकी सगळं असू द्या."

२००३ च्या जून महिन्यात ती आठवीत दाखल झाली. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या सुमारास फडावर गेले की उन्हाळ्यापर्यंत कोपीवरच मुक्काम, म्हणून मुलीला वसतिगृहात ठेवले होते. सहाव्या वर्षी ताप मेंदूत गेला आणि तिचे दोन्ही कान गेले. खिशात ठेवायचे एक श्रवणयंत्र तिच्याजवळ होते. त्यातून आवाज येई, शब्द उमगत नसे. तिला सोडायला आलेली आई कार्यालयाच्या दारात मला म्हणाली, "सर, पोर कानानं जड हाय. पर तोंडाकडं बघितलं की समजतंय तिला. तेवढं ध्यानात ठिवा." मी मान डोलावली, मुलीला पहिल्या बाकावर बसविले आणि माझे कर्तव्य पार पडले असे समजलो.

पहाटेची घंटा तिला ऐकू येत नसे. शेजारची मुलगी तिचे पांघरूण ओढी. वंदनेच्या वेळी ती शेजारणीच्या ओठांकडे पाहत त्रिसरण-पंचशील म्हणे आणि तिचा स्वर इतरांहून अर्धा शब्द मागे राही. मुलींमध्ये हशा पिकला की तीही हसे, पण क्षणभर उशिरा. "काय झालं?" असे तिने विचारले तर मैत्रिणी प्रेमानेच म्हणत, "नंतर सांगते." मुली चांगल्या होत्या. तिच्या वह्या पूर्ण करून देत, तिच्यासाठी भांडतही. आम्हा शिक्षकांनाही तिचे कौतुक होते. 'ऐकू येत नसूनही' ती पहिल्या दहांत येते, हे आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगत असू.

माझी शिकविण्याची एक पद्धत होती. फळ्यावर नकाशा काढता काढता मी बोलत राही. सह्याद्रीची रांग, घाटवाटा, बंदरे असे सारे खडूने उमटत जाई आणि त्याबरोबर इतिहास पुढे सरकत राही. मुलांना ही पद्धत आवडत असे, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनीही तिची नोंद केली होती. या साऱ्या वेळात माझे तोंड फळ्याकडे आणि पाठ वर्गाकडे असे. तिच्या आईने सांगितलेली एकच गोष्ट मी दररोज पस्तीस मिनिटे मोडीत होतो, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याची वेळ आली. कर्णबधिर विद्यार्थ्यांना भाषा विषयांत सवलत असते. तीन भाषांऐवजी एकच भाषा घेता येते. तिने मला विचारले, "सर, मी इंग्रजी ठेवलं तर?" मी कागदावर लिहून दिले, 'कशाला उगीच ओझे घेतेस?' तिने तो कागद वाचला, घडी करून दप्तरात ठेवला आणि मी सांगितले तसा अर्ज भरला. निकाल उत्तम लागला. तो कागद तिने अजून ठेवला आहे. मागील वर्षी मला दाखविला. रागाने नव्हे, सहज दाखविला.

२००८ साली जिल्ह्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयात तिला बी.ए.ला प्रवेश मिळाला. त्या वेळी १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा लागू होता आणि त्यानुसार शासकीय व अनुदानित शिक्षणसंस्थांत अपंगांसाठी ३ टक्के जागा राखीव होत्या. तिने इतिहास विषय घेतला, याचा मला अभिमान वाटला. ऑगस्टमध्ये तिच्या शिष्यवृत्तीच्या कागदपत्रांसाठी मी महाविद्यालयात गेलो. तास चालू होता. पाऊस लागल्यामुळे वर्गाच्या काचेच्या खिडक्या बंद होत्या. तास संपेपर्यंत मी व्हरांड्यात, एका खिडकीपाशी उभा राहिलो.

आत शंभराहून अधिक मुले होती. प्राध्यापक बोलत होते, हे त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळत होते. आवाज काचेपलीकडून येत नव्हता, शिवाय पत्र्यावर पाऊस वाजत होता. विषय माझाच. मी एम.ए. इतिहास. तरीही ते कोणत्या शतकाविषयी बोलत आहेत, हेसुद्धा मला सांगता येईना. ते चालत खिडकीकडे आले की ओठ दिसत, पण भरघोस मिशीखाली वरचा ओठ झाकलेला. मग ते वळले आणि फळ्याकडे तोंड करून बोलू लागले. फळ्यावर त्यांनी 'प्लासी' असा एकच शब्द लिहिला, तेव्हा मला कळले की अठरावे शतक चालू आहे. पुढे त्यांनी टिपणे सांगावयास सुरुवात केली असावी, कारण सर्व माना एकदम खाली गेल्या. पहिल्या बाकावरची एकच मान वर होती. खाली पाहून लिहावे तर पुढचे वाक्य हुकते आणि वर पाहावे तर हातातले लिहायचे राहते. ती प्राध्यापकांच्या तोंडाकडे पाहत होती, शेजारणीच्या वहीकडे पाहत होती आणि पुन्हा वर पाहत होती. मी तेथे सुमारे वीस मिनिटे उभा होतो. तिची तशी पाच वर्षे गेली होती, आणि त्यांतली तीन माझ्या वर्गात.

तास सुटल्यावर आम्ही उपाहारगृहात बसलो. ती बोलत असे. मी कागदावर लिहून उत्तर देत असे. मी लिहिले, 'प्राध्यापकांना सांगत का नाहीस, की तोंड समोर ठेवा?' ती म्हणाली, "पहिल्या आठवड्यात सांगितलं. दोन दिवस लक्षात राहिलं त्यांच्या. सारखं सारखं किती सांगणार, सर?" मग थोडे थांबून म्हणाली, "तुम्हीपण फळ्याकडं तोंड करूनच शिकवायचात." माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी लिहिले, 'मग तू पास कशी होत होतीस?' ती हसून म्हणाली, "पुस्तक वाचून. तुमच्या तासाला मी नकाशे बघायची."

ओठ वाचून सारे समजते, असा आपला गैरसमज असतो. तिने मला उपाहारगृहातच एक प्रयोग करावयास लावला. आवाज न काढता 'पान', 'भान' आणि 'मान' हे तीन शब्द आरशासमोर म्हणून पाहा, असे ती म्हणाली. घरी आल्यावर मी तसे केले. तिन्ही शब्दांना ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. 'क' आणि 'ग' तर घशातच घडतात, ओठांवर त्यांची खूणही उमटत नाही. म्हणजे ओठ वाचणारा विद्यार्थी पुष्कळ भाग संदर्भाने आणि अंदाजाने भरून काढीत असतो. नव्या विषयात संदर्भच नसतो. जे आधीपासून ठाऊक आहे ते ओठांवरून ओळखता येते; जे शिकायचे आहे तेच नेमके निसटते. शिवाय दिवसभर असे पाहत राहिल्याने डोळे आणि मेंदू किती थकतात, हे तिच्या संध्याकाळच्या डोकेदुखीवरून तिच्या खोलीतल्या मुलींना ठाऊक होते, आम्हाला नव्हते.

आणि मग अनिवार्य इंग्रजीचा पेपर आला. पाचवीपासून सर्वांनी शिकलेली भाषा तिने दहावीपासून सोडलेली होती. पहिल्या वर्षी ती त्या एका विषयात दोनदा नापास झाली. दुसऱ्या खेपेस मला तिचे पत्र आले. त्यात तक्रार नव्हती. फक्त एक वाक्य होते की, 'सर, ओझे तेव्हाच उचलले असते तर आता इतके जड लागले नसते.' वसतिगृहातल्या एका मैत्रिणीने तिला रोज रात्री इंग्रजी शिकविले. वर्गात दुसरी एक मुलगी वहीत कार्बन कागद घालून लिही आणि खालची प्रत हिला देई. तोंडी परीक्षेत प्रश्न लिहून द्यावेत म्हणून तिने अर्ज केला, तो परीक्षा झाल्यानंतर मंजूर झाला. तीन वर्षांची पदवी तिने चार वर्षांत, २०१२ साली मिळविली. तिला इतिहासात एम.ए. करायचे होते. विद्यापीठाच्या विभागात चौकशीला गेली तेव्हा उत्तर मिळाले की प्रवेश मिळेल, परंतु शिकविण्याची वेगळी व्यवस्था नाही. ती घरी परतली आणि शिलाई मशीनवर बसली. पाच वर्षे.

२०१७ साली एका नातेवाइकाबरोबर ती शहरात कर्णबधिर तरुणांच्या एका मेळाव्याला गेली. तोपर्यंत तिने सांकेतिक भाषा शिकलेलीच नव्हती. आम्ही शिकू दिली नव्हती, असे म्हणणे अधिक खरे. 'हातवारे केलेस तर बोलणे विसरशील', असे मीही तिला एकदा सांगितले होते. मेळाव्यात मंचावरचा वक्ता हातांनी बोलत होता. तिला त्यातले फारसे येत नव्हते, पण आजूबाजूच्या मुलींनी दोन दिवसांत बरेच शिकविले. काही महिन्यांनी तिचा मोबाइलवर निरोप आला: "सर, आज एका व्याख्यानात मला सगळं कळलं. शेवटच्या खुर्चीवर बसले होते." पुढे तिने भारतीय सांकेतिक भाषा शिकविण्याची, कर्णबधिर उमेदवारांसाठी असलेली पदविका पूर्ण केली. आज ती मुलांना ही भाषा शिकविते.

त्याच काळात तिने मला एक प्रश्न विचारला. "सर, तुम्ही आम्हाला आपला इतिहास शिकवलात. बहिऱ्यांचा इतिहास कुठल्या पुस्तकात आहे?" तीस वर्षे इतिहास शिकविण्याकडे वाटचाल करणाऱ्या माझ्याकडे याचेही उत्तर नव्हते. म्हणून वाचावे लागले.

१८८० साली इटलीतील मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणाविषयी एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बधिर मुलांना बोलूनच शिकवावे, खुणांची भाषा शाळांतून दूर करावी, असे ठराव तेथे प्रचंड बहुमताने झाले. १६४ प्रतिनिधींपैकी बधिर प्रतिनिधी एकच होता. त्यानंतर अनेक देशांतील शाळांत मुलांच्या हातांवर बंदी आली. २०१० साली व्हँकुव्हर येथे याच परंपरेतील परिषदेने ते ठराव नाकारले आणि झालेल्या हानीबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये १३० वर्षे गेली होती. 'हातवारे केलेस तर बोलणे विसरशील' हे माझे वाक्य कोठून आले होते, ते मला तेव्हा कळले. मिलानचे नावही न ऐकलेला एक मराठी शिक्षक मिलानचा ठराव अमलात आणीत होता.

अमेरिकेत वॉशिंग्टन येथे गॅलॉडेट विद्यापीठ आहे. बधिरांना पदव्या देण्याचा अधिकार त्या संस्थेला १८६४ साली अब्राहम लिंकन यांच्या सहीने मिळाला. तेथे अध्यापनच सांकेतिक भाषेत चालते. परंतु पुढील १२४ वर्षांत तेथे एकही बधिर अध्यक्ष झाला नाही. मार्च १९८८ मध्ये अंतिम तीन उमेदवारांपैकी दोघे बधिर असताना विश्वस्त मंडळाने ऐकू येणाऱ्या तिसऱ्या उमेदवाराची निवड केली. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाची प्रवेशद्वारे बंद केली आणि संसदेवर मोर्चा नेला. अध्यक्ष बधिरच हवा आणि विश्वस्त मंडळात बधिरांचे बहुमत हवे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आठवडाभरात त्या मान्य झाल्या आणि आय. किंग जॉर्डन हे पहिले बधिर अध्यक्ष झाले. याच विद्यापीठातून १९५४ साली पदवी घेणारे अँड्र्यू फॉस्टर हे तेथील पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. म्हणजे बधिरांसाठी उघडलेले दार कृष्णवर्णीय बधिरांसाठी नव्वद वर्षे जवळजवळ बंदच होते. बहिष्कृतांमध्येही बहिष्कृत असतात, हे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. फॉस्टर यांनी पुढे आफ्रिकेत कर्णबधिर मुलांसाठी तीसहून अधिक शाळा उभ्या केल्या.

हे सारे मी तिला लिहून पाठविले. तिने उत्तरादाखल मला एक प्रश्न परत पाठविला: "बाबासाहेबांनी पत्राचं नाव मूकनायक का ठेवलं असेल?" ३१ जानेवारी १९२० ही तारीख मी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतली आहे. परंतु एका कर्णबधिर मुलीने हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्या शब्दापाशी प्रथमच थांबलो. ज्यांना बाबासाहेबांनी मूक म्हटले त्यांना जीभ होती, भाषा होती, सांगण्यासारखे पुष्कळ होते. त्यांचे ऐकून घेणारी जागा समाजात नव्हती. कर्णबधिरांचेही तसेच आहे. म्हणूनच 'मूकबधिर' हा शब्द त्यांतील अनेकांना नकोसा वाटतो. त्यांच्याजवळ व्याकरण असलेली, विनोद आणि वादविवाद पेलणारी पूर्ण भाषा आहे. आपल्याला ती येत नाही.

मी तिला दिली होती ती सवलत होती. सवलत देणाऱ्याला काही शिकावे लागत नाही आणि काही बदलावेही लागत नाही. इंग्रजी वगळली की माझे काम हलके झाले. इंग्रजी तिच्यापर्यंत कशी पोहोचवावी, हा प्रश्नच उरला नाही. हक्क मान्य केला असता तर मला माझी पद्धत बदलावी लागली असती. दयेच्या भाषेत आपल्याशी कोणी बोलले तर आपण संतापतो आणि ते योग्यच आहे. तीच भाषा मी माझ्या विद्यार्थिनीशी बोललो, आणि तिचे कल्याण करतो आहे असे समजून बोललो.

आज परिस्थिती काही अंशी बदलली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव ठेवणे बंधनकारक केले. संप्रेषणाच्या व्याख्येत सांकेतिक भाषेचा समावेश केला. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि त्यांच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५० लाख लोकांची श्रवणदोष असलेले म्हणून नोंद झाली आहे. परंतु राखीव जागेने मूल वर्गाच्या दारापर्यंत येते. दारापासून फळ्यापर्यंतचे अंतर कापायला दुभाषी लागतो आणि असे दुभाषी फार थोडे आहेत. 'सरंजामशाही' किंवा 'द्विदल राज्यव्यवस्था' असा शब्द आला की दुभाष्याला अक्षर अक्षर बोटांनी दाखवावे लागते, किंवा विद्यार्थ्याबरोबर बसून खूण ठरवावी लागते. त्यासाठी तासाच्या आधी टिपणे मिळायला हवीत. करोनाच्या काळात मुखपट्टीमुळे ओठही झाकले गेले, तेव्हा या मुलांचे काय झाले असेल, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला?

आपले अनेक माजी विद्यार्थी आज महाविद्यालयांत शिकवितात. त्यांना माझी विनंती आहे. आधी फळ्यावर लिहा, मग वळून बोला. टिपणे तासाच्या आदल्या दिवशी द्या. चित्रफीत दाखविताना मथळे असलेली निवडा. वर्गात कोणी प्रश्न विचारला तर तो पुन्हा समोर तोंड करून सांगा. 'समजले का?' असे विचारू नका. काय समजले ते विचारा, कारण पहिल्या प्रश्नाला सारेच मान डोलावतात. यांपैकी कशालाही पैसा लागत नाही. दुभाष्याला लागतो. त्यासाठी आपल्या माजी विद्यार्थी संघाने एक निधी उभारावा, असा प्रस्ताव मी या लेखाद्वारे मांडत आहे आणि माझ्या एका महिन्याचे वेतन त्यासाठी देत आहे. पालकांनाही सांगणे आहे: मूल हातांनी बोलू लागले तर त्याचे हात धरू नका. त्याच्याबरोबर तुम्हीही शिका.

मागील वर्षी ती विद्यालयात आली होती. वंदनेनंतर तिने मुलांना खुणांत 'शाळा', 'पुस्तक', 'मैत्रीण' असे शब्द शिकविले. मग मी तिला विचारले, या वेळी हातांनी, चुकतमाकत विचारले, की एम.ए.चे काय? तिने खांदे उडविले आणि माझी खूण दुरुस्त केली. तिचे वय आता छत्तिशीच्या आसपास आहे. दुभाषी मिळाला तर ती अजूनही प्रवेश घेणार आहे. ते कर्ज माझ्यावर आहे आणि विद्यालयावरही आहे.

या जूनमध्ये आठवीत एक मुलगा आला आहे. दोन्ही कानांमागे यंत्रे आहेत. त्याला सोडायला आलेल्या वडिलांनी दारात मला काहीतरी सांगायला सुरुवात केली. मी त्यांना बसविले, वही काढली आणि ते सांगत गेले ते सर्व लिहून घेतले. आता माझ्या तासाला नकाशा आधी पूर्ण होतो, खडू खाली ठेवला जातो आणि मग मी वर्गाकडे वळून बोलावयास सुरुवात करतो. इतर मुलांनाही त्यामुळे अधिक समजते, असे ती म्हणतात.

जय भीम! नमो बुद्धाय!